झिंगा आणि मासे यांचा सहवास

परभणी जिल्ह्यात शेततळ्यात मासे सोडण्याची गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. राज्य शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून अनेक शेतकऱ्यांच्या रानात पाण्याचा साठा झाला, आणि पाणी आहे तर त्यात कटला-रोहूचे बीज टाकावे हा विचार ओघानेच आला. त्यापुढची पायरी म्हणून काही शेतकरी माशांबरोबर झिंगा सोडू पाहतात. मोठ्या झिंग्याला बाजारात माशापेक्षा चांगला भाव मिळतो. तो तळाशी राहतो, तर कटला आणि रोहू वरच्या व मधल्या पाण्यात राहतात. तेव्हा एकाच पाण्यात दोन पिके निघावीत, हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो.

परंतु जाळे ओढण्याच्या दिवशी पुष्कळदा निराळाच अनुभव येतो. मासे जाळ्यात येतात आणि झिंगे येत नाहीत. शेकड्यांनी सोडलेल्या बिजातून मूठभर मोठे झिंगे हाती लागतात. मग बीज खोटे होते, चोरी झाली, बगळ्यांनी खाल्ले, असे तर्क सुरू होतात. यांपैकी एखादे कारण खरेही असू शकेल. तथापि, बहुतेक वेळी झिंगे तळ्यातच नाहीसे झालेले असतात. त्यांना माशांनी आणि त्याहूनही अधिक त्यांच्याच भाऊबंदांनी खाल्लेले असते. हे केव्हा घडते व कसे टाळता येते, हे समजून घेतल्यावाचून झिंग्याच्या बिजावर पैसे घालू नयेत. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

झिंग्याची ओळख

झिंगा हा मासा नव्हे. तो खेकड्याच्या कुळातील, कवच असलेला व दहा चालपायांचा प्राणी आहे. त्याच्या पुढील पायांच्या दोन जोड्यांना नांग्या असून त्यांपैकी दुसरी जोडी लांब असते. लांब मिशांनी तो चाचपडत फिरतो, दिवसा आडोशाला बसतो आणि अंधार पडल्यावर अन्नासाठी बाहेर निघतो.

आपल्या ओढ्यानाल्यांत व गावतळ्यांत आढळणारे लहान झिंगे बोटाएवढेही नसतात. त्यांतील काही जाती गोड्या पाण्यातच अंडी घालून वाढतात. शेततळ्यात उत्पन्नासाठी जो सोडतात तो मोठा झिंगा निराळा. त्याचे शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी असे असून कोकणात त्याला गोड्या पाण्यातील कोळंबी अथवा पोचा म्हणतात. मोठ्या नराच्या नांग्या गर्द निळ्या व अंगाहूनही लांब होतात. त्याचाच एक आप्त, मॅक्रोब्रॅकियम मालकमसोनी, हा गोदावरी व कृष्णा या नद्यांचा मूळचा रहिवासी होय.

या दोन्ही जातींची एक खूण ध्यानात ठेवावी. प्रौढ झिंगा गोड्या पाण्यात राहतो, पण त्याची अगदी कोवळी पिल्ले मचूळ, म्हणजे समुद्राच्या पाण्याने किंचित खारट झालेल्या पाण्यावाचून जगत नाहीत. त्यामुळे माद्या खाडीकडे उतरतात आणि थोडी वाढलेली पिल्ले नदीने पुन्हा वर चढतात. गोदावरीवर धवळेश्वरम् येथील बंधारा १८५२ मध्ये पूर्ण झाला. पुढे वरच्या अंगास एकामागून एक धरणे झाली, आणि या प्रवासाच्या वाटेत अडथळे उभे राहिले.

पिल्लांना खारटपणा लागतो ही गोष्ट १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मलेशियातील पेनांग येथे शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाने दाखवून दिली. तत्पूर्वी अंड्यांतून निघालेली पिल्ले काही दिवसांतच मरत आणि त्याचे कारण कळत नसे. १९६५ मध्ये मलेशियातून मातृझिंगे हवाई बेटांवर नेण्यात आले आणि तेथे ताकुजी फुजिमुरा यांनी मोठ्या प्रमाणावर बीजनिर्मितीची पद्धत बसविली. आजची झिंगा-बीज केंद्रे याच पायावर चालतात.

परभणीच्या शेतकऱ्याला यातून मिळणारा बोध असा की, शेततळ्यात अंड्यांनी भरलेली मादी दिसली तरी तेथे पिल्ले तयार होणार नाहीत. बीज प्रत्येक वर्षी नवे आणावे लागते. म्हणूनच सोडलेला प्रत्येक झिंगा वाचविणे महत्त्वाचे ठरते.

कात टाकण्याची घटका

माशाची वाढ रोज थोडीथोडी होते. झिंग्याचे तसे नाही. त्याचे कवच ताठ असते. ते वाढत नाही. आतील शरीर वाढले की झिंगा जुने कवच टाकून देतो. पाठीकडील सांध्याला कवच उकलते आणि मिशा, पाय व नांग्या यांसह संपूर्ण झिंगा त्यातून निसटून बाहेर येतो. बाहेर येताच तो पाणी शोषून फुगतो, आणि नवे मऊ कवच त्या वाढलेल्या आकारावर हळूहळू कठीण होते. लहान पिल्लू काही दिवसांच्या अंतराने कात टाकते. मोठ्या झिंग्यात हे अंतर काही आठवड्यांचे होते. सारांश, जो झिंगा कात टाकीत नाही तो वाढत नाही.

परंतु कात टाकल्यानंतरचे काही तास झिंग्याच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचे असतात. त्याला धड चालता येत नाही, नांगी उगारता येत नाही आणि अंगावर संरक्षण उरत नाही. या वेळी जवळून जाणारा मासा त्याला टोचतो. शेजारचा कठीण कवचाचा झिंगा त्याला धरून खातो. त्याच वेळी त्याला प्राणवायूची गरजही अधिक असते, आणि तळाचे पाणी खराब असेल तर कोणी न खाताही तो मरतो. पाच महिन्यांच्या मुदतीत हा प्रसंग प्रत्येक झिंग्यावर अनेक वेळा येतो. पहिल्या खेपेस वाचलेला दुसऱ्या खेपेस सापडतो, दुसऱ्या खेपेस वाचलेला तिसऱ्या. जाळ्यात मूठभर झिंगे येण्याचे मुख्य कारण हेच होय.

म्हणून झिंगा आणि मासे यांच्या सहवासाचा नियम एका वाक्यात सांगता येतो : कात टाकणाऱ्या झिंग्याला आडोसा, शुद्ध पाणी आणि निरुपद्रवी शेजारी मिळाला पाहिजे. पुढील सर्व सूचना याच नियमातून निघतात.

काचेच्या टाकीतील पाठ

ही गोष्ट भाषणाने पटत नाही. डोळ्यांनी पाहिली म्हणजे पटते. मुंबईस चर्नी रोडच्या किनाऱ्यावर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले आणि समुद्र न पाहिलेल्या हजारो लोकांनी पाण्याखालचे जीवन काचेतून प्रथम पाहिले. तेच काम गावातील शाळेत, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा शेतकऱ्याच्या ओसरीवर एक लहान टाकी करू शकते. झिंग्याचे बीज विकत घेण्यापूर्वी अशी टाकी दोन महिने चालवून पाहावी.

टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच असावी. तीत सुमारे ४० लिटर पाणी ठेवावे. तळाशी स्वच्छ धुतलेली नदीची वाळू तीन-चार सेंटिमीटर पसरावी. नळाचे पाणी असल्यास ते उघड्या भांड्यात किमान एक दिवस ठेवून मगच घालावे, म्हणजे त्यातील क्लोरीन निघून जाईल. पाणी प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात साठवावे; तांब्याच्या हंड्यातील पाणी टाकीत घालू नये. माणसाला चालणारा तांब्याचा अंश झिंग्याला घातक ठरतो. माशांच्या रोगांवरील काही औषधांतही तांबे असते. तीही या टाकीत वापरू नयेत.

आडोशासाठी कौलांचे तुकडे, फुटक्या माठाची खापरे व बांबूच्या नळ्या ठेवाव्यात. झिंगे जितके असतील त्याहून आडोसे अधिक असावेत, हा पहिला धडा. गावतळ्यातील थोड्या पाणवनस्पती धुऊन लावाव्यात. टाकीवर जाळी बांधावी, कारण झिंगा रात्री काठावर चढून बाहेर पडतो. शक्य असल्यास हवेचा लहान पंप लावावा. वीज जाण्याची वेळ लक्षात घेऊन प्राण्यांची संख्या मात्र थोडीच ठेवावी.

अशा टाकीत गावच्या पाण्यातील सहा लहान झिंगे व आठ गप्पी मासे पुरेत. गप्पी मासे डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभागामार्फत गावोगाव दिले जातात, त्यामुळे ते सहज मिळतात. अन्न दिवसातून एकदा, संध्याकाळी, चिमूटभर द्यावे. उरलेले अन्न सकाळी काढून टाकावे. दर आठवड्यास एकचतुर्थांश पाणी बदलावे.

काही दिवसांतच एका सकाळी टाकीच्या तळाशी झिंगा निपचित पडलेला दिसेल आणि मुले सांगतील की झिंगा मेला. तो जवळून पाहावा. ते पारदर्शक, पोकळ कवच असते. टाकीतील झिंगे मोजले तर ते सहाच भरतात. सहावा कौलाखाली दडून बसलेला असतो आणि दुसरे दिवशीपर्यंत बाहेर येत नाही. ते पोकळ कवच बाहेर टाकू नये. झिंगा ते पुष्कळदा स्वतःच खातो आणि त्यातील चुन्याचा अंश नव्या कवचासाठी परत मिळवितो.

नंतर आडोसे निम्मे काढून घ्यावेत आणि पुढील दोन-तीन आठवडे पाहावे. एखादा झिंगा कात टाकील आणि त्याचे कवचही सापडणार नाही व तोही सापडणार नाही. शेततळ्यात जे घडते आणि दिसत नाही, ते या टाकीत दिसते. हा प्रयोग पाहिलेल्या शेतकऱ्याला तळ्यात फांद्या व कौले का टाकावयाची हे पुन्हा सांगावे लागत नाही.

सोबतीचे मासे

मासे निवडताना दोन प्रश्न विचारावेत. तो मासा कोणत्या थरात राहतो? आणि त्याच्या तोंडात झिंगा मावतो काय?

कटला वरच्या थरातील सूक्ष्म जीव खातो. रोहू मुख्यतः मधल्या थरात चरतो. गवत्या मासा पाणवनस्पती व कापून टाकलेले गवत खातो. हे तीन मासे झिंग्याचे चांगले शेजारी होत. मृगळ व सायप्रिनस मात्र तळाशी चरतात. सायप्रिनस तर तळाचा गाळ उकरतो. ते झिंग्याच्या अन्नात वाटेकरी होतात आणि त्याचा आडोसाही मोडतात. केवळ मत्स्यशेतीत हे दोन्ही मासे उपयुक्त असले तरी झिंग्याबरोबर ते सोडू नयेत.

मरळ, शिंगाडा, वाम यांसारखे मांसाहारी मासे तळ्यात असतील तर झिंग्याचा विचारच सोडून द्यावा. आफ्रिकी मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्या संवर्धनास तर बंदीच आहे. ओढ्याचे पाणी तळ्यात येत असेल तर येणाऱ्या तोंडावर बारीक जाळी बसवावी, कारण पहिल्या पुराबरोबर मरळीची पिल्ले आत येतात. उन्हाळ्यात तळे आटून तळाला भेगा पडल्या असतील तर ती इष्टापत्तीच समजावी. उन्हाने जुने मांसाहारी मासे नाहीसे होतात व गाळही शुद्ध होतो.

शेततळ्याचा हिशेब

मासे पाण्याच्या घनफळात राहतात. झिंगा तळावर राहतो. म्हणून झिंग्याची संख्या तळाच्या क्षेत्रफळावरून ठरवावी. येथे अनेकांचा हिशेब चुकतो.

उदाहरणार्थ, ३० × ३० मीटर तोंडाचे व ३ मीटर खोल शेततळे घ्या. वरून त्याचे क्षेत्र ९०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे नऊ गुंठे दिसते. परंतु बाजूंचा उतार एकास एक असेल तर तळ २४ × २४ मीटरचा, म्हणजे ५७६ चौरस मीटर भरतो. मिश्र संवर्धनात तळाच्या दर चौरस मीटरला एक झिंगा हे प्रमाण धरले तर अशा तळ्यात सुमारे ६०० झिंगे पुरेत. याहून दाट सोडल्यास कात टाकणाऱ्याला एकांत मिळत नाही. माशांची बोटुकली सुमारे ३०० सोडावीत : कटला १५०, रोहू १२० व गवत्या ३०.

बीजकेंद्रातून येणारे झिंग्याचे पिल्लू जेमतेम एक सेंटिमीटरचे असते. ते तसेच तळ्यात सोडणे म्हणजे माशांना खाद्य घालणे होय. ते प्रथम सावलीतील हौदात किंवा तळ्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या हाप्यात महिना-दीड महिना वाढवावे आणि ४ ते ५ सेंटिमीटरचे झाल्यावर मोकळे सोडावे. बीज घेताना ते तपासलेले आहे काय हे विचारून घ्यावे, कारण पांढऱ्या शेपटीचा विषाणुजन्य रोग पिल्लांतच मोठी हानी करतो. आणलेली पिशवी तळ्याच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवावी, मग तीत थोडेथोडे तळ्याचे पाणी मिसळावे व पिल्लांना आपण होऊन बाहेर जाऊ द्यावे. हे काम सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावे.

उत्पन्नाचा अंदाज सावधपणे बांधावा. ६०० पैकी निम्मे झिंगे वाचले आणि सरासरी ३० ग्रॅम भरले, तर ९ किलो झिंगा मिळतो. ही मुख्य पिकाची जागा घेणारी गोष्ट नव्हे. माशांच्या उत्पन्नावरील ती भर आहे. आडोशाची व्यवस्था नसेल तर हे ९ किलो एक-दोन किलोंवर येतात आणि बिजाचा खर्चही निघत नाही.

आडोसा व खाद्य

तळ्यातील आडोशासाठी पैसा लागत नाही. जुनी कौले, फुटके माठ, बांबूच्या नळ्या, तुराट्यांच्या मोळ्या व जुन्या जाळ्यांचे तुकडे पुरतात. मोळीला दगड बांधून ती बुडवावी व दोरीचे दुसरे टोक काठावरील खुंटीला बांधावे, म्हणजे जाळे ओढण्यापूर्वी ती काढता येते. तुराट्या कुजू लागल्या की बदलाव्यात. बाभळीच्या काटेरी फांद्या चोरीस आळा घालतात, पण जाळे फाडतात व अस्तराला भोके पाडतात.

सर्व आडोसा खोल तळाशी न टाकता निम्मा उतारावर, एक ते दीड मीटर खोलीवर ठेवावा. तीन मीटर खोलीवर प्राणवायू कमी पडतो आणि तेथील झिंगे उतारावर चढून येतात. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात झिंग्याला पाय रोवण्यास काहीच नसते. तेथे उतारावर जुन्या जाळ्या लोंबत सोडणे आवश्यक आहे. अशा तळ्याचा काठ अतिशय निसरडा असतो. कोणीही एकट्याने त्यात उतरू नये; कमरेला दोर व काठावर दुसरा माणूस असावा.

माशांसाठी शेंगदाण्याची पेंड व कोंडा समभाग मिसळून सकाळी द्यावा. झिंग्याचे खाद्य संध्याकाळी, उताराच्या कडेने द्यावे. त्यातील थोडे एका टोपलीत ठेवून ती पाण्यात सोडावी आणि दोन तासांनी वर काढून पाहावी. खाद्य उरले असल्यास दुसऱ्या दिवशी कमी करावे. कुजणारे खाद्य आणि वाजवीपेक्षा अधिक टाकलेले शेण, ही दोन्ही तळाचा प्राणवायू संपवितात, आणि त्याचा पहिला बळी कात टाकलेला झिंगा असतो.

पाणी आणि फवारणी

पाणी किंचित अल्कधर्मी, सामू ७ ते ८.५ च्या दरम्यान असावे. पावसाने भरलेले तळे सर्वांत चांगले. विंधन विहिरीचे पाणी फार जड असेल तर कवचावर पुटे चढतात व वाढ खुंटते. ते तपासूनच घ्यावे. पहाटे झिंगे काठाला येऊन गर्दी करू लागले तर प्राणवायू कमी झाल्याची ती खूण समजावी. अशा वेळी खाद्य थांबवावे आणि मोटारीने तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडावे.

याहून मोठा धोका काठापलीकडील पिकातून येतो. कापूस व सोयाबीन ही जिल्ह्याची प्रमुख पिके होत, आणि त्यांच्यावरील फवारणीचे दिवस व झिंग्याच्या वाढीचे दिवस एकच असतात. झिंगा हा किडींचा दूरचा नातलग आहे. कीड मारण्यासाठी बनविलेले विष त्याला माशाहून कितीतरी अल्प मात्रेत मारते. विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे. मासे तरंगताना दिसले नाहीत म्हणून विष आले नाही, असे समजू नये. तेवढ्या अवधीत तळचे झिंगे संपलेले असू शकतात. यासाठी तळ्याकडे वारा वाहत असताना फवारणी करू नये, फवारलेल्या शेताचे पहिले पाणी तळ्यात येऊ देऊ नये आणि फवारणीचा पंप वा औषधाची बाटली तळ्यात कधीही धुऊ नये. मोसंबीच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण तयार करणाऱ्यांनीही हीच काळजी घ्यावी, कारण मोरचूद म्हणजे तांबेच. शेवाळ मारण्यासाठी तळ्यात मोरचूद टाकू नये. शेजाऱ्याचे शेत लागून असेल तर त्याला आधी कल्पना द्यावी. त्यात संकोच नसावा.

थंडी आणि काढणी

झिंगा उष्ण पाण्याचा प्राणी आहे. २६ ते ३१ अंश सेल्सिअस तापमानात तो उत्तम वाढतो. पाणी २० अंशांच्या खाली गेले की तो खाणे टाकतो आणि १४-१५ अंशांच्या सुमारास मरू लागतो. परभणीच्या उन्हाळ्याची ख्याती सर्वांना आहे. परंतु हिवाळ्यातील लाटेत येथील किमान तापमान एकआकडी होते, हे झिंगा सोडताना विसरले जाते. म्हणून कालक्रम असा ठेवावा : जूनच्या आरंभी हौदात पिल्ले वाढविणे, जुलैच्या मध्यावर तळ्यात सोडणे आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी, झिंगा काढून घेणे.

नोव्हेंबरपासूनच निळ्या नांग्यांचे मोठे नर निवडून काढावेत. हे नर आपल्या जागेवर इतरांना येऊ देत नाहीत. ते निघाले की मागे राहिलेल्यांची वाढ जोराने होते. या सुमारास हरभरा व गव्हाला पाणी द्यावयाचे असते. मोटारीने पाणी उतरले की झिंगा काढणे सोपे जाते, आणि खतावलेले पाणी पिकाला मिळते. मोटारीच्या शोषणनळीस बारीक जाळी बांधण्यास विसरू नये. कटला-रोहू मात्र पाणी पुरेल तेथवर ठेवून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावेत. झिंगा माशाहून लवकर नासतो. म्हणून बर्फ आधी आणावा आणि जाळे नंतर टाकावे.

परदेशी क्रेफिशविषयी इशारा

शहरांतील शोभिवंत माशांच्या दुकानांत ‘निळा लॉबस्टर’ अशा नावाने एक परदेशी प्राणी विकला जातो. तो लॉबस्टर नसून क्रेफिश होय. भारताच्या नद्यांत क्रेफिश मुळीच नव्हता. घरच्या काचेच्या टाकीत तो ठेवणाऱ्यास आडोसा, झाकण व थोडे शेजारी हे नियम लागू पडतातच. परंतु त्याच्या जाड नांग्यांपुढे तळाशी झोपणारे मासे सुरक्षित राहत नाहीत. खरा धोका टाकीबाहेरचा आहे. झिंग्याप्रमाणे त्याच्या पिल्लांना खारे पाणी लागत नाही; तो तळ्यात, कालव्यात, कोठेही वाढतो.

अमेरिकेतील लाल क्रेफिश १९७० मध्ये केनियातील नैवाशा सरोवरात आणि १९७३-७४ मध्ये स्पेनमध्ये मुद्दाम सोडण्यात आला. स्पेनमध्ये त्याने भातखाचरांचे बांध पोखरले. नैवाशात पाणवनस्पतींचा फडशा पाडला. दुसरी संगमरवरी नक्षीची जात जर्मनीतील हौशी लोकांच्या टाक्यांत १९९० नंतर प्रथम आढळली. तिच्यात केवळ माद्या असून नरावाचून प्रजा होते. म्हणजे एकच प्राणी बाहेर पडला तरी पुरे. मादागास्कर बेटावर ती अशीच पसरली. काळ्या मातीचे बांध, शेततळी व कालवे यांवर ज्याची शेती उभी आहे अशा जिल्ह्यात बिळे करणारा हा प्राणी येणे परवडणारे नाही. म्हणून क्रेफिश शेततळ्यात, विहिरीत किंवा येलदरी, मासोळी, निम्न दुधना यांसारख्या जलाशयांत कोणत्याही कारणाने सोडू नये. हौस संपली तर तो दुकानदारास परत करावा. बीज विक्रेत्याने ‘झिंग्याची सुधारित जात’ म्हणून नांग्या जाड व अंग लालसर किंवा निळे असलेला अनोळखी प्राणी दाखविला, तर तो जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास दाखविल्यावाचून घेऊ नये. उदगीर येथील मत्स्य विज्ञान महाविद्यालयाकडूनही मार्गदर्शन घेता येईल.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी झिंग्याची योजना गावात सांगताना प्रथम नफ्याचे आकडे सांगू नयेत. प्रथम शाळेत टाकी मांडावी आणि पोकळ कवच शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवावे. ज्याच्या तळ्यात डिसेंबरपर्यंत पाणी टिकत नाही, ज्याच्या काठाला लागून फवारणी टळत नाही, किंवा ज्याच्या तळ्यातील मरळ निघत नाही, त्याला झिंगा सोडू नका असे स्पष्ट सांगावे. तो केवळ मासे सोडूनही दोन पैसे मिळवील. जो शेतकरी तयार असेल त्याच्या तळ्याचा तळ फीत धरून मोजावा, आडोसे मोजावेत आणि मगच बिजाची संख्या लिहून घ्यावी.

पीक राखावयाचे ते कोवळेपणी, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अंकुर फुटल्यावर पाखरे हाकावी लागतात, वासरू जन्मल्यावर रात्र जागावी लागते. झिंग्याचे कोवळेपण एकदाच येत नाही; दर कातेला ते नव्याने येते. तेवढ्या वेळी त्याच्या अंगावर एक कौल असले, भोवती स्वच्छ पाणी असले आणि शेजारी कटला-रोहू असले, तर जाळे ओढण्याच्या दिवशी झिंगे कोठे गेले हा प्रश्न विचारावा लागणार नाही.